रोजच्या जेवणासोबतची परवडणारी वाइन: नाशिक, केप आणि लुआर येथील शेनिन ब्लाँ

वेलविस्तार (धागाकर्ता, पुणे)

महागड्या वाइनविषयी लिहिणाऱ्यांची मराठीत आता वानवा राहिलेली नाही, परंतु आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी जेवणासोबत पेलाभर वाइन घेणाऱ्याने दुकानातून नेमके काय उचलावे, आणि उचललेले चांगले की सुमार हे कसे ठरवावे, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा काढत आहे. तुलना भरकटू नये यासाठी द्राक्षाची जात एकच ठेवली आहे, ती म्हणजे शेनिन ब्लाँ, आणि प्रदेश तीन घेतले आहेत: आपले नाशिक, दक्षिण आफ्रिकेतील वेस्टर्न केप आणि फ्रान्समधील लुआर नदीचे खोरे. तिन्ही ठिकाणी या जातीपासून रोजच्या वापराची वाइन मोठ्या प्रमाणावर तयार होते. शिवाय शार्दने ही जात घेतली असती तर लाकडी पिंपाच्या वासाखाली बरेच काही झाकले गेले असते. स्वस्तातल्या शेनिनला सहसा पिंप लाभत नाही, त्यामुळे द्राक्ष कसे पिकले आणि वाइन कोणी किती काळजीने केली, हे उघडे पडते.

बाटल्यांची नावे मी मुद्दाम देत नाही. एकाच नावाची, एकाच वर्षाची वाइन दोन वेगळ्या दुकानांतून घेतली तर ती दोन वेगळ्या चवींची निघू शकते, कारण एका दुकानात वातानुकूलन असते आणि दुसऱ्यात ती बाटली उन्हाळाभर वरच्या फळीवर, दिव्याखाली उभी असते. अशा परिस्थितीत एखाद्या उत्पादकाला नावानिशी गुण देणे म्हणजे पुष्कळदा दुकानदाराचे गुणदोष त्याच्या माथी मारणे होय.

चाखण्याची पद्धत साधी ठेवली होती. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर आकडे घातले. पेला एक तृतीयांशच भरला, म्हणजे फिरवून वास घ्यायला जागा राहते. पहिली चव 8 ते 10 अंश सेल्सिअसला घेतली, म्हणजे बाटली फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवल्यावर. त्यानंतर तोच पेला तसाच टेबलावर राहू दिला आणि वाइन खोलीच्या तापमानाला आल्यावर पुन्हा चाखली. उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली व दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिली. माझ्या मते या तिन्हींत दुसरी चव सर्वांत बोलकी असते. थंडपणामुळे सुगंध दबतो, गोडवाही कमी जाणवतो, आणि दोषही झाकले जातात; थंडगार असताना जवळजवळ सगळ्याच पांढऱ्या वाइन सभ्य वाटतात.

शंभरपैकी गुण मी दिलेले नाहीत. अमेरिकी वाइनसमीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी लोकप्रिय केलेली ती मोजपट्टी प्रत्यक्षात 50 पासून सुरू होते, आणि रोजच्या वापराच्या वाइन तिच्या मधल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने बसतात, त्यामुळे घेणाऱ्याला त्या आकड्यांतून काहीच कळत नाही. त्याऐवजी मी चार गोष्टी पाहिल्या: वाइन स्वच्छ आहे का; आंबटपणा, गोडवा आणि अल्कोहोल एकमेकांना सांभाळून आहेत का; घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते; आणि जेवताना दुसरा पेला घ्यावासा वाटतो का.

नाशिकच्या शेनिनमध्ये पहिल्याच वासाला पेरू, अननस आणि पिकलेले खरबूज येते. हा सुगंध मोकळा आणि प्रसन्न असतो, त्याबाबतीत ती कुठेही कमी पडत नाही. मात्र 700 ते 1000 रुपयांच्या गटातील बहुतेक बाटल्या पूर्ण कोरड्या नसतात. आंबवण्याची क्रिया थांबवून किंचित साखर मागे ठेवलेली असते. थंड असताना ही साखर आंबटपणाच्या आड राहते. पेला कोमट झाला की चांगल्या बाटल्या तोल राखतात, सुमार बाटल्यांत गोडवा वर येतो आणि त्याला आवरायला पुरेसा आंबटपणा उरत नाही. रेंगाळणारी चव बहुधा आखूड असते. दुसऱ्या दिवशी सुगंध बराच ओसरतो, पण याला मी दोष म्हणणार नाही, कारण ही वाइन उघडल्या दिवशी संपवण्यासाठीच केलेली आहे. ताजेपणा हा तिचा प्राण आहे. लेबलवर सुगीचे वर्ष किंवा बाटली भरल्याचा महिना असतो, तो पाहिल्याशिवाय घेऊ नये. तीन वर्षे जुनी स्वस्त शेनिन सवलतीत मिळाली तरीही सोडून द्यावी.

केपची शेनिन तुलनेने कोरडी आणि अंगाने भरीव असते. लिंबाची साल, हिरवे सफरचंद, थोडे पीच असा तिचा सुगंध असून अल्कोहोल बहुधा 13 टक्क्यांच्या आसपास असते. या जातीची जगातील सर्वाधिक लागवड दक्षिण आफ्रिकेतच आहे. तिथल्या एकूण वाइन-द्राक्षांपैकी सुमारे 18 टक्के क्षेत्र एकट्या शेनिनचे आहे. तिला तिकडे पिढ्यान्‌पिढ्या ‘स्टीन’ म्हणत आणि ती फ्रान्समधलीच शेनिन आहे ही ओळख 1960 च्या दशकात पटली. पूर्वी तिचा फार मोठा भाग ब्रँडीच्या भट्टीत जात असे. आपल्याकडे येणाऱ्या स्वस्त बाटल्या बहुतांशी भरघोस उत्पादन देणाऱ्या, सिंचनाखालील मळ्यांतल्या असतात, केपमधल्याच स्वार्टलँड भागातील कोरडवाहू जुन्या वेलींच्या नव्हेत, हे लक्षात ठेवावे. तरीसुद्धा कोमट झाल्यावर आणि दुसऱ्या दिवशीही ती नाशिकपेक्षा अधिक टिकून राहते, हे मान्य करायला हवे.

लुआरची, म्हणजे मुख्यतः तूर शहराजवळच्या व्हूव्रेची, बाटली या धाग्यात बसते की नाही याची मला शंकाच आहे, कारण महाराष्ट्रात ती रोजच्या खर्चात बसत नाही. पण जातीचे मूळ तिथले असल्याने एक मोजमाप म्हणून ती टेबलावर असावी असे वाटले. तिचा आंबटपणा धारदार आहे, सुगंधात सफरचंद, मध आणि ओल्या लोकरीसारखी एक छटा असते, आणि चव पुष्कळ वेळ रेंगाळते. अडचण अशी की व्हूव्रे कोरडी, अर्धगोड आणि गोड अशा सर्व रूपांत बनते आणि लेबलवर ते दरवेळी स्पष्ट लिहिलेले नसते. ‘सेक’ (कोरडी) लिहिले असेल तर युरोपीय नियमांप्रमाणे लिटरमागे साखर 4 ग्रॅमपर्यंत, आणि आंबटपणा पुरेसा असेल तर 9 ग्रॅमपर्यंत असते. ‘दमी-सेक’ (अर्धगोड) असेल तर गोडवा स्पष्ट जाणवतो.

एकंदर माझे मत असे झाले की गुणवत्तेत लुआर, नंतर केप, नंतर नाशिक असा क्रम लागतो. परंतु महाराष्ट्रात 1000 रुपये खिशात घेऊन दुकानात शिरणाऱ्यासाठी तो क्रम निरुपयोगी आहे, कारण त्या रकमेत उरलेल्या दोन्ही वाइन त्याला मिळतच नाहीत. जाणकारांनी आपापले अनुभव लिहावेत.

शंकेखोर

लेख आवडला, पण पेरू, अननस, ओली लोकर ही वर्णने वाचली की माझा विश्वास डळमळतो. बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग 2001 साली प्रसिद्ध झाला होता. पांढऱ्या वाइनमध्ये वासरहित लाल रंग मिसळून ती दिल्यावर त्या विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांतच केले. जे या विषयाचे रीतसर शिक्षण घेत होते त्यांची ही गत, तर घरी वर्तमानपत्रात बाटली गुंडाळणाऱ्यांनी आपल्या नाकावर किती भरवसा ठेवावा? बाटली झाकल्याने लेबल लपते, अपेक्षा लपत नाही. समोर तीन प्रदेश आहेत हे ठाऊक असणाऱ्याचे मन त्या तीन प्रदेशांना शोधणारच.

वेलविस्तार

आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा अर्धा भाग मी आनंदाने मान्य करतो. वासाला दिलेली फळांची नावे सुचवलेली असू शकतात, डोळा नाकाला फसवतो, आणि म्हणूनच स्वस्त वाइनची परीक्षा करताना सुगंधाच्या शब्दांना मी दुय्यम स्थान देतो. पण त्या प्रयोगातून वाइनची पारखच निरर्थक आहे असा निष्कर्ष निघत नाही. उरलेली साखर, आंबटपणा आणि अल्कोहोल या प्रयोगशाळेत मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत, आणि जिभेला त्यांतील ठळक फरक थोड्या सरावाने कळतो. माझ्या चार निकषांत पेरूला गुण नाहीत, हे आपल्या लक्षात आले असेलच. येथे सर्व वाइन पांढऱ्याच असल्याने रंगाची दिशाभूलही मर्यादित राहते. अपेक्षेचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर उपाय म्हणून गुंडाळलेल्या बाटल्यांत एक वाइन दोनदा ठेवावी. तिला दोन निरनिराळे अभिप्राय मिळाले तर त्या संध्याकाळचे टिपण फाडून टाकावे.

निफाडकर

आमच्या घरी खाण्याच्या द्राक्षांसोबत काही क्षेत्र वाइनच्या द्राक्षांचे आहे आणि ती आम्ही कराराने वायनरीला देतो, त्यामुळे बागेच्या बाजूने चार गोष्टी लिहितो. धागाकर्त्यांनी नाशिकच्या शेनिनमध्ये आंबटपणा कमी पडतो असे म्हटले आहे ते खरे आहे, पण त्याचे कारण निष्काळजीपणा नसून अक्षांश आहे. व्हूव्रे 47 अंश उत्तरेला आहे, केपमधील स्टेलनबॉश सुमारे 34 अंश दक्षिणेला, आणि आम्ही 20 अंशांवर. आमची वेल हिवाळ्यात झोपत नाही. तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यातून काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, जिच्यातून घड येतो. पीक मात्र एकच घेतले जाते. त्यामुळे आपण उत्तर गोलार्धात असूनही आमची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्याच सुमारास होते, तर लुआरमध्ये ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते.

याचा चवीशी थेट संबंध आहे. लुआरमध्ये द्राक्ष पिकत असताना दिवस थंड होत जातात, त्यामुळे मण्यातील आंबटपणा टिकतो. आमच्याकडे उलट घडते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री निफाडला पारा 10 अंशांच्या खाली उतरतो आणि त्या थंडीनेच आमची द्राक्षे वाचतात, पण फेब्रुवारी उजाडला की दुपारचे ऊन चढते आणि मण्यातील मॅलिक आम्ल भराभर खर्ची पडते. ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे प्रमाण, वाढण्याची वाट पाहावी तर आम्ल जाते, आणि आम्लासाठी लवकर तोडावे तर सुगंध कच्चा राहतो. पहाटेच्या अंधारात, माल थंड असतानाच तोडणी उरकण्याची धडपड त्याचसाठी असते. वायनरीत टार्टारिक आम्ल घालून तोल साधला जातो. उष्ण प्रदेशांत जगभर ही रीत आहे आणि तीत लपवण्यासारखे काही नाही.

शेनिनचा घड घट्ट आणि मण्याची साल पातळ असल्याने अवकाळी पाऊस आला की तो आतून सडू लागतो. डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांवरची फवारणी चुकवून चालत नाही. शिवाय ही जात मुळात भरपूर पिकणारी आहे. घड विरळ केले नाहीत तर एकरी टन वाढतात आणि चव पाण्यात जाते, आणि करारातील भाव वजनावर ठरत असेल तर शेतकऱ्याने घड का काढून टाकावेत? धागाकर्त्यांना आखूड वाटलेली चव काही अंशी या प्रश्नाचेच उत्तर आहे. ज्या वायनऱ्या दर्जानुसार भाव देतात किंवा एकरी उत्पादनावर मर्यादा घालून त्याची भरपाई करतात, त्यांच्या साध्या शेनिनमध्येही फरक जाणवतो.

वयाचाही मुद्दा आहे. राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 चे. त्याच्या आदल्या वर्षी, 2000 साली, नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली, आणि तीत शेनिन ब्लाँ होती. म्हणजे नाशिकच्या शेनिनची सगळी कारकीर्द पाव शतकाची आहे. केपमधील द्राक्षांची पहिली वाइन 2 फेब्रुवारी 1659 रोजी झाल्याची नोंद तिथल्या डच वसाहतीचे संस्थापक यान व्हान रीबेक यांच्या रोजनिशीत आहे. तिथे 35 वर्षे किंवा त्याहून जुन्या वेलींच्या वाइनला लागवडीचे वर्ष छापलेला वेगळा शिक्का मिळतो. आमच्या शेनिनच्या वेलींना ते वय गाठायला अजून अवकाश आहे.

टेम्सकाठी

लंडनहून लिहीत आहे. येथे हिशेब अगदी वेगळा लागतो, आणि ‘परवडणारी’ हे विशेषण गावागावाप्रमाणे कसे बदलते ते त्यातून दिसेल. ब्रिटनमध्ये ऑगस्ट 2023 पासून जानेवारी 2025 अखेरपर्यंत साध्या वाइनच्या बाटलीवर 2.67 पौंड इतके ठरलेले शुल्क होते. त्यानंतर ते अल्कोहोलच्या टक्केवारीनुसार आकारले जाऊ लागले. हे शुल्क बाटलीच्या किमतीवर अवलंबून नसते, आणि त्यावर पुन्हा 20 टक्के मूल्यवर्धित कर असतो. त्या दराने 6 पौंडांच्या बाटलीतून 1 पौंड कर आणि 2.67 पौंड शुल्क गेल्यावर 2.33 पौंड उरत, ज्यात काच, झाकण, जहाजभाडे, दुकानाचा नफा आणि शेवटी वाइन हे सगळे आले. 9 पौंडांची बाटली घेतली तर तीच शिल्लक 4.83 पौंड होई. म्हणजे पैसे दीडपट द्यायचे आणि वाइनसाठी उरणारी रक्कम दुपटीहून अधिक.

या कारणाने मी येथे सर्वांत स्वस्त बाटली कधीच घेत नाही. तिच्याहून एक पायरी वरची घेतो. त्या पायरीवर केपच्या शेनिनला तोड नाही. त्याच पैशांत फ्रान्सचीच वाइन हवी असेल तर व्हूव्रेचा नाद सोडून त्याच लुआर खोऱ्यातील, समुद्राकडच्या टोकाची म्युस्काडे घ्यावी. तिची द्राक्षजात वेगळी आहे, पण खारवट, हलकी, मासळीसोबत उत्तम जाणारी अशी ती वाइन आहे. ‘स्यूर ली’ असे लिहिलेली पाहून घ्यावी. तिला आंबवण्यानंतर तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर ठेवलेले असते आणि त्यामुळे थोडा भरीवपणा येतो.

वेलविस्तार

टेम्सकाठी यांचा हिशेब आपल्याकडे उलटा करून पाहण्यासारखा आहे. तिकडे शुल्क ठरावीक, म्हणून महाग बाटलीवर त्याचा भार हलका. आपल्याकडे आयात वाइनवर मूळ किमतीच्या 150 टक्के सीमाशुल्क, म्हणजे भार किमतीसोबत चढत जातो. समजा, एखादी बाटली विमा-भाड्यासकट 300 रुपयांना मुंबई बंदरात पोचली, तर सीमाशुल्कानंतर ती 750 रुपयांची होते, आणि आयातदार, राज्याचे कर व विक्रेता यांचे हिस्से चढल्यावर 1500 रुपयांच्या पुढे जाते. आपण 1500 रुपये देऊन जी ‘परदेशी’ वाइन घेतो ती तिच्या गावी अगदी तळच्या फळीवरची असते. याउलट राज्यात बनलेल्या वाइनवरील 20 टक्के मूल्यवर्धित करापैकी 16 टक्के परत करणारी प्रोत्साहन योजना आहे. नाशिकची 800 रुपयांची बाटली आणि केपची 1600 रुपयांची बाटली यांची तुलना म्हणूनच गुणांची कमी आणि करांची अधिक असते.

ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झाला तेव्हा वाइन स्वस्त होणार अशी चर्चा बरीच झाली. करार नीट पाहिला तर 750 मिलिलिटरच्या ज्या बाटलीची आयातकिंमत 5 अमेरिकी डॉलरपेक्षा कमी आहे तिला सवलतच नाही. 5 डॉलरच्या वरच्या बाटलीवरील शुल्क 150 वरून 100 टक्के झाले आणि ते पुढील दहा वर्षांत 50 टक्क्यांवर यायचे आहे. 15 डॉलरच्या वरच्या बाटलीवर ते थेट 75 टक्के झाले आणि 25 टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. थोडक्यात, श्रीमंताची वाइन अधिक स्वस्त आणि रोजची वाइन जैसे थे. स्थानिक द्राक्ष उत्पादकाचे संरक्षण हा त्यामागचा हेतू आहे आणि निफाडकरांसमोर मी त्याला नावे ठेवणार नाही.

मडगावकर

गोव्याची बाजूही नोंदवून ठेवतो. येथे कर कमी असल्याने त्याच बाटल्या महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळतात. मात्र घराघरांत ‘वाइन’ म्हटले की अजूनही बहुतेकांना लाल, गोड, स्थानिक ‘पोर्ट’च आठवते. पोर्तुगालमधील डोरू खोऱ्यात ब्रँडी मिसळून जी पोर्ट तयार होते तिच्याशी या वाइनचे नाते नावापुरतेच आहे. परंतु नाताळात केकसोबत दिली जाणारी गोड वाइन म्हणून तिला स्वतःचे स्थान आहे, आणि तिला शेनिनच्या फूटपट्टीने मोजणे अन्यायाचे होईल. माझे निरीक्षण असे आहे की पोर्टवर वाढलेल्या माणसाला कोरडी केप शेनिन पहिल्या पेल्याला आवडत नाही आणि नाशिकची किंचित गोडसर शेनिन लगेच आवडते.

अलिबागची

चौथा निकष, म्हणजे जेवणासोबत दुसरा पेला घ्यावासा वाटतो की नाही, हा धाग्यात मागे पडला आहे, म्हणून लिहिते. आमच्या जेवणात तिखट आहे, नारळ आहे आणि कोकम-चिंच आहे, आणि या तिघांचे वाइनशी वागणे वेगवेगळे असते. तिखटासोबत अल्कोहोलचा चटका वाढतो आणि वाइनमधील थोडी साखर तो सौम्य करते. त्यामुळे तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून तळलेल्या बोंबलांसोबत नाशिकची शेनिन केपच्या शेनिनपेक्षा निश्चित सरस ठरते, मग एकटी चाखताना ती कितीही मागे पडो. नारळाच्या वाटणाच्या सुरमईच्या कालवणात मात्र पारडे फिरते. खोबऱ्याच्या स्निग्धपणापुढे हलकी वाइन पाणचट लागते आणि केपचा भरीवपणा उपयोगी पडतो.

अळूवडीत गूळ आणि चिंच दोन्ही असतात. तिच्यासोबत गोडसर शेनिन इतकी जुळते की मला पाहुण्यांना दुसरे काही द्यावेसे वाटत नाही. सोलकढी पानात असेल तर वाइन नंतर घ्यावी, कारण कोकमाच्या आंबटपणापुढे कोणतीही शेनिन निस्तेज वाटते. लोणच्याचा एक तुकडाही पुढचे दोन घोट बिघडवतो. तांबड्या रश्श्यासोबत मी काहीच सुचवणार नाही. तिथे वाइन हरते आणि हरलेली बरी.

निफाडकर

अलिबागच्या ताईंनी माझे काम सोपे केले. धागाकर्त्यांच्या मूळ लेखात उरलेल्या साखरेकडे उणीव म्हणून पाहण्याचा सूर आहे, तो मला पटलेला नाही. ज्या देशात वाइन तिखट जेवणासोबत प्यायली जाणार आहे तिथे ती गोडसर करणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. व्हूव्रेच्या दमी-सेकला आपण परंपरा म्हणतो आणि नाशिकच्या गोडसर शेनिनला तडजोड म्हणतो, हे कसे?

वेलविस्तार

साखरेला माझा विरोध नाही, तिला पेलणारा आंबटपणा नसताना ती ठेवण्याला आहे. व्हूव्रेच्या दमी-सेकमध्ये साखर अधिक असूनही वाइन जड वाटत नाही, कारण तिच्यातील आम्लही तितकेच तीव्र असते. नाशिकच्या ज्या बाटल्या कोमट झाल्यावरही तोल राखतात त्यांना मी चांगल्याच म्हटले आहे. ज्या राखत नाहीत त्यांच्यात साखरेचा उपयोग विरळ फळ झाकण्यासाठी झाला असावा असा माझा संशय आहे, आणि एकरी उत्पादनाविषयी आपणच जे लिहिले आहे त्याने तो बळावला. अळूवडीचा दाखला मात्र निरुत्तर करणारा आहे. पुढच्या वेळी चाखताना बाटल्यांसोबत ताटही ठेवावे लागेल.

निफाडकर

ताट ठेवा, पण तापमानाची परीक्षाही तशी ताटासोबतच घ्या. जेवताना पेला कोमट होईपर्यंत कोणी थांबत नाही; मग ज्या अवस्थेत वाइन प्यायलीच जात नाही त्या अवस्थेवरून तिला नापास का करायचे, हा माझा प्रश्न शिल्लक आहे.

नवशिकी

एक प्राथमिक शंका विचारते. घरी आणलेली बाटली मुळातच स्वस्त दर्जाची आहे की चांगली असून बिघडलेली आहे, हे कसे ओळखायचे? आणि अर्धी उरलेली बाटली किती दिवस चालते?

वेलविस्तार

शंका प्राथमिक नाही. आपल्या हवामानात ती सर्वांत आधी विचारायला हवी. सुमार वाइनमध्ये काहीतरी कमी असते, बिघडलेल्या वाइनमध्ये काहीतरी जादा असते. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट तळघराचा वास आला आणि फळाचा मागमूस नसेल तर दोष बुचाचा आहे. स्क्रू कॅपच्या बाटल्यांत तो क्वचितच आढळतो, आणि आपल्याकडच्या परवडणाऱ्या शेनिनला बहुधा तेच झाकण असते. रंग गडद पिवळ्याकडून तपकिरीकडे झुकला असेल आणि वास चिरलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा असेल, तर वाइनला हवा लागली आहे किंवा ती उष्णतेत राहिली आहे. बूच बाटलीच्या तोंडातून किंचित वर सरकलेले दिसले किंवा झाकणाखाली चिकट ओघळ असेल तर ती बाटली उन्हात तापलेली आहे असे समजून दुकानातच परत ठेवावी. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा झणका आला तर ती प्यायच्या उपयोगाची राहिलेली नाही. उघडताच ओढलेल्या काडीपेटीचा वास आला तर मात्र घाई करू नये. पेला फिरवून दहा मिनिटे थांबल्यास तो पुष्कळदा निघून जातो.

तळाशी बारीक पांढरे खडे दिसले तर घाबरू नये, ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात आणि थंडाव्याने जमतात. पेल्यात ओतताना शेवटचा घोट बाटलीतच राहू द्यावा म्हणजे झाले.

उरलेली शेनिन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, शक्यतो उभी ठेवावी, म्हणजे हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग लहान राहतो. नाशिकची दुसऱ्या दिवशी संपवावी, केपची तिसऱ्या दिवसापर्यंत चालते. अर्धी बाटली उरणार हे आधीच ठाऊक असेल तर उघडल्याबरोबर 375 मिलिलिटरच्या स्वच्छ, रिकाम्या बाटलीत ती काठोकाठ भरून झाकण लावावे. हवेला जागाच न उरल्याने ती त्याहून अधिक टिकते. त्यापलीकडे गेली तर कोळंबीच्या रश्श्यात घालावी, पण चिंच किंवा कोकम तेवढे कमी करावे.